सुटे भाग बदलता येणारा फोन: आजारी भाग कुठला हे ओळखायचं कसं?

हरिपूरचं_पेव

राम राम मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचायला येतो, पण आता डोकं चालेना म्हणून धागा काढला.

भाचा जर्मनीत असतो. दिवाळीला आला तेव्हा स्वतःचा एक फोन मला देऊन गेला. मोड्यूलर म्हणतात तसला. स्क्रू काढले की खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा, कॅमेरा वेगळा. बॅटरी तर नखानं निघते. "मामा, काही बिघडलं तर तेवढाच भाग बदल, दुकानाची पायरी चढायला नको," म्हणाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यावरून इथं दोन पार्ट्या नकोत.

आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. हंगामात सौदे निघाले की दिवसभर फोन कानाला. फेब्रुवारीपासून झालंय असं की समोरच्याला माझा आवाजच जाईना. गेला तरी विहिरीतून बोलल्यासारखा. स्पीकरवर टाकला की खणखणीत. मला मात्र सगळ्यांचं व्यवस्थित ऐकू येतं. मी व्यापाऱ्याला दर सांगतोय आणि तो आपला "हॅलो, हॅलो".

माईक खालच्या भागात असतो म्हणून भाच्याकडून तो भाग मागवला. अडीच हजार गेले. घरीच बदलला, आठ दिवस झकास. नवव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं! आता हा नवा भागच खराब निघाला, का आतल्या मुख्य बोर्डात दोष आहे, का सॉफ्टवेअर? फोनमध्ये सहा-सात भाग आहेत. एकेक मागवत बसलो तर तेवढ्यात दोन फोन येतील. भाग सुटे होतात हे ठीक, पण त्यातला आजारी कुठला हे कोण सांगणार?

भडंगप्रेमी

हळदीचे दर कळतील म्हणून धागा उघडला, निघाला फोन. आलोच आहे तर बसतो. भडंग सोबत आहे.

आयर्विनचा_कठडा

रीस्टार्ट करून बघितला का?

हरिपूरचं_पेव

रीस्टार्ट काय घेऊन बसलाय भावा, गणपतीच्या देवळात नेऊन पायरीवर ठेवून आणला.

विट्याचा_पुणेकर

आधी सॉफ्टवेअर बाजूला काढा, कारण ते तपासायला पैसे पडत नाहीत. सेफ मोडमध्ये चालू करा. पॉवर बटण दाबल्यावर फोन बंद करायचा पर्याय येतो, त्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक अँड्रॉइड फोन विचारतात. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली सगळी ॲप झोपलेली असतात. तसाच एक कॉल करा. आवाज नीट गेला तर एखादं कॉल रेकॉर्डरसारखं ॲप माईक धरून बसलंय.

दुसरं म्हणजे हेडफोन लावून बोला. त्याचा माईक स्वतंत्र असतो. त्यातून आवाज चांगला गेला तर सिम, नेटवर्क, कॉल सगळं निर्दोष, घोळ फोनच्या स्वतःच्या माईकपाशी.

शिवाय बऱ्याच कंपन्या तपासणीचा मेन्यू आत लपवून ठेवतात. सॅमसंगमध्ये डायलरवर स्टार-हॅश-शून्य-स्टार-हॅश दाबलं की पडदा, टच, कॅमेरा, सेन्सर, स्पीकर एकेक करून तपासता येतं. तुमच्यातही असलं काही सापडेल, सेटिंग धुंडाळा.

हरिपूरचं_पेव

सेफ मोड केला, तेच. मुलीचे ब्लूटूथ कानात घातले, आवाज एकदम खडा. म्हणजे माईकच की वो!

डीसी_मशीन

सांगलीत मोबाईल रिपेअरिंग करतो, १७ वर्षं झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणून संपादक उडवतील.

एक गोष्ट आधी सांगतो. मोड्यूलर-मोड्यूलर काय लावलंय? तुमच्या खिशातला कुठलाही फोन उघडा. डिस्प्लेचा कॉम्बो वेगळा, खाली चार्जिंगची सीसी पट्टी वेगळी, तिच्यावरच माईक, रिंगर वेगळा, कॅमेरा वेगळा, सगळं बटण दाबल्यासारख्या कनेक्टरनं बोर्डाला टोचलेलं. आम्ही पहिल्या दिवसापासून भागच बदलतोय. फरक एवढाच की तुमच्यात गोंद नाही आणि स्क्रू दिसतात. जर्मनीहून भाग मागवायला तीन आठवडे, माझ्याकडे पट्टी अर्ध्या तासात पडते. ती पण तीनशेत.

बाकी बोर्डाचं म्हणाल तर ते बघायची रीत वेगळी. बॅटरी काढायची, डीसी मशीननं चार व्होल्ट द्यायचे. पॉवर बटण न दाबताच करंटचा आकडा वर गेला की मेन लाईन शॉर्ट. बटण दाबल्यावर आकडा नाचत वर चढला तर बोर्ड उठायला बघतोय, थोडा चढून एकाच जागी अडून बसला तर सुरुवातीलाच कुठंतरी अडकलाय. शॉर्ट असेल तर त्या लाईनला बेतानं व्होल्टेज सोडायचं आणि काय तापतंय ते बघायचं. आता थर्मल कॅमेरे आलेत. मी शिकलो तेव्हा उस्ताद सोल्डरिंग गनच्या टोकावर राळ जाळायचा आणि तो धूर बोर्डावर धरायचा. पांढरी साय आल्यासारखा थर बसतो. मग करंट सोडला की जो कपॅसिटर तापतो त्याच्यावरचा थर वितळतो आणि पांढऱ्यात एवढासा काळा ठिपका उघडा पडतो. तीळ दिसावा तसा. तो उचलला की फोन जिवंत.

तुमच्या फोनला हे काही लागणार नाही. बोर्ड चांगलाय.

चिंच_गुळाची_आमटी

@डीसी_मशीन, राग मानू नका, पण अर्ध्या तासात पट्टी पडते हाच तर त्रास आहे! दुकानदाराच्या डब्यात जो भाग असतो तोच नेहमी खराब निघतो.

माझंच सांगते. कॉल लागला की स्क्रीन काळी व्हायची ती कॉल तुटेपर्यंत काळीच. मधे एक दाबा, दोन दाबा म्हणणाऱ्या बाईला उत्तर देता यायचं नाही. एका दुकानात (सांगलीतलं नव्हे, नाव लिहीत नाही) कॉम्बो गेला म्हणून सांगितलं. बदलला. तीन दिवसांनी परत तेच. "बोर्डात प्रॉब्लेम दिसतोय ताई." मग माझ्या नववीतल्या लेकानं फोन हातात घेतला, वरची टेम्पर्ड ग्लास नखानं उचकटून काढली आणि म्हणाला, आता कर कॉल. झालं! कानाजवळ फोन नेला की स्क्रीन बंद करणारा सेन्सर असतो ना वर, त्याच्यावर काचेची काळी कड आली होती. फोनला वाटायचं मी सतत कानालाच लावून बसलेय. तशी मी बसतेच, पण तो मुद्दा वेगळा.

डिस्प्ले चांगला, बोर्ड चांगला, दोष चाळीस रुपयांच्या काचेचा.

भडंगप्रेमी

"तशी मी बसतेच" 😂

डीसी_मशीन

ताई, मान्य. आमच्या धंद्यात असले आहेत. पण उलटंही सांगतो. गिऱ्हाईक येतं तेच मुळी "कॉम्बो टाका" म्हणत. टच आपोआप चालतोय, नाचतोय. मी विचारतो चार्जिंगला असतानाच होतं का? हो म्हणतात. मग चार्जर बदला ना, हलक्या चार्जरची सप्लाय घाण असते, टच वेडा होतो. तर म्हणतात तुम्हाला काम करायचं नसेल तर सांगा. परवा एकाचा डिस्प्ले एका बाजूनं उचलला होता. त्याला वाटलं गोंद सुटला. आत बॅटरी पोळीसारखी फुगली होती आणि डिस्प्लेला खालून ढकलत होती. डिस्प्ले चिकटवून दिला असता तर चार दिवसांत काच फुटली असती. फुगलेली बॅटरी कुणी घरी दाबू नका, टोचू नका, पेट घेते.

दुखणं दिसतं एकीकडं आणि असतं दुसरीकडं, हे आमचं रोजचंच आहे.

वालचंदी_९८

लय भारी चाललंय. थोडं आतलं सांगतो, डीपीच्या (शेतातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) भाषेत.

शेतात एका डीपीवर दहा जणांच्या मोटारी असतात. एकाची मोटार जळून शॉर्ट झाली की फ्यूज उडतो आणि दहाही विहिरींचं पाणी बंद. बघणाऱ्याला वाटतं डीपी गेली. फोनमध्ये असंच असतं. प्रकाशाचा सेन्सर, होकायंत्र, टचची चिप, असले छोटे छोटे भाग बऱ्याचदा दोनच तारांच्या एका सामाईक लाईनवर लटकवलेले असतात. त्यातल्या एकानं लाईन खाली दाबून धरली की बाकीचे सगळे मुके. चार गोष्टी एकदम गेल्या की लोक म्हणतात बोर्ड गेला. प्रत्यक्षात एकच चोर असतो.

वायरमन काय करतो? सगळ्या मोटारी सोडवतो आणि एकेक जोडत जातो. फोन सुरूच होत नसेल तर तेच करा. फक्त बोर्ड, बॅटरी आणि डिस्प्ले ठेवा, बाकी सगळं काढा. उठला? मग एकेक भाग जोडत चला, दरवेळी बंद करून. ज्याला जोडल्यावर पुन्हा झोपला तो चोर. गोंदानं चिकटवलेल्या फोनमध्ये हे करायला हीट गन लागते, मोड्यूलरमध्ये स्क्रूड्रायव्हर पुरतो. म्हणून @डीसी_मशीन, सगळे फोन मोड्यूलरच हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं.

आणि एक सावधगिरी. बोर्डाच्या सप्लायमध्येच गडबड असल्याचा संशय असेल तर नवा चांगला भाग त्याच्यावर लावून "ट्राय" करू नका. तोही जाईल.

आयर्विनचा_कठडा

गूगलनं काढला होता ना असला ठोकळ्यांचा फोन? त्याचं काय झालं?

वालचंदी_९८

प्रोजेक्ट आरा. २०१३ मध्ये जाहीर केला, तेव्हा मोटोरोला गूगलकडेच होती. एक सांगाडा आणि त्यात सरकवायचे ठोकळे, चुंबकानं धरलेले. सप्टेंबर २०१६ मध्ये गुंडाळला, बाजारात आलाच नाही. २०१६ मध्येच एलजीचा जी५ आला, त्याची हनुवटी ओढली की बॅटरीसकट बाहेर. पुढं २०२१ मध्ये एलजीनं फोनचा धंदाच सोडला. मोटो झेड भारतातही मिळायचा, मागे सोनेरी १६ टिकल्या, त्यावर स्पीकर नाहीतर प्रोजेक्टर चिकटवायचा. हे सगळे नवीन काहीतरी जोडायला मोड्यूलर होते, दुरुस्तीला नव्हेत. दुरुस्तीसाठी म्हणून डोकं लावलं ते फेअरफोनसारख्यांनी. त्यांच्या २०१५ च्या फेअरफोन २ ला आयफिक्सिटनं (फोन उघडून दुरुस्तीला किती सोपा ते बघून गुण देणारी साईट) दुरुस्तीसाठी दहापैकी दहा दिले होते. भारतात ते विकत नाहीत.

पण आराचा एक भाग मात्र या धाग्याशी नातं सांगणारा आहे. त्यांनी ग्रेबस नावाची बोलण्याची पद्धत बनवली होती. प्रत्येक ठोकळा जोडल्या जोडल्या स्वतःची ओळख सांगणार: मी कोण, मला काय येतं. फोन गेला तरी ती पद्धत राहिली, २०१६ मध्येच लिनक्सच्या गाभ्यात (अँड्रॉइड ज्याच्यावर उभं आहे त्यात) शिरली. अशी हजेरी घेता आली की कोण गैरहजर आहे हे फोनला लगेच कळतं. फक्त हजर असून काम न करणारा सापडत नाही.

विट्याचा_पुणेकर

हजर असून काम न करणारा! आमच्या ऑफिसात या, दाखवतो.

आयफोन बघा ना, बाहेरची बॅटरी टाकली की सेटिंगमध्ये 'अनोळखी भाग' असा शेरा येतो. परका कोण ते बरोबर कळतं, आजारी कोण ते विचारलं की गप्प.

भडंगप्रेमी

नोकिया ३३१० ला काहीच होत नव्हतं. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

पाण्याची_पातळी

हरिपूर नाव वाचून राहवलं नाही. २००५ च्या पुरात तिथली हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) गेली. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी आलं तेव्हा आमचं गावभागातलं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं.

फोनचं सांगायचं तर घरातले तीन फोन भिजले. दोन नवे, एक वडिलांचा जुना, मागचं झाकण निघणारा. जुन्याची बॅटरी वडिलांनी तिथल्या तिथं काढून खिशात टाकली. नव्यांची काढायची कशी? ते ओलेच चालू राहिले. आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवले, चार दिवसांनी चालूही झाले, आनंदीआनंद. दसऱ्याच्या सुमाराला एकाचं चार्जिंग गेलं, मग नेटवर्क, मग दिवाळीत कॅमेरा. एकेक करून. दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं. म्हणाला, पाण्यानं एवढं होत नाही, पाण्यात करंट चालू राहिला म्हणून पिना खाल्ल्या गेल्या. वडिलांचा जुना मात्र नुसता पुसून-वाळवून पुढं तीन वर्षं चालला.

तेव्हापासून बॅटरी निघणाऱ्या फोनबद्दल मला फार ममत्व आहे. तुमचा भाचा गुणी आहे.

डीसी_मशीन

बरोबर सांगितलं त्यानं. त्या साली ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी दुसरं काही कामच केलं नाही. तांदूळ नका ठेवू लोकहो, त्याचं पीठ जॅकमध्ये जातं, ते वेगळं काढावं लागतं.

तंबोरा_मिरज

या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाचताना आमच्या गल्लीतली गोष्ट आठवली.

आमच्याकडे मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे, सतारी होतात. (२०२४ मध्ये दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता.) एखादा गवई तंबोरा घेऊन येतो, म्हणतो जवारी (तारेची गुंजणारी आस) गेली, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासून द्या. नवशिक्या कारागीर लगेच घोडी घासायला बसतो. आमचे जुने उस्ताद आधी घोडीला हात लावत नसत. एकेक तार बोटानं दाबून गप्प करायचे आणि उरलेल्या छेडायचे. मग मणी हलवून बघायचे. मग खुंटी अंगठ्यानं आत रेटायची. मग भोपळ्याच्या सांध्यावर तळवा ठेवून पुन्हा छेडायचं. मी लहानपणी पाहिलंय, एकदा सगळी झणझण निघाली ती भोपळ्याला गेलेल्या बारीक तड्यातून. घोडी घासली असती तर चांगली जवारी हकनाक गेली असती.

आणखी एक. काही दुरुस्त केल्यावर ते तंबोरा लगेच द्यायचे नाहीत. आठ दिवस भिंतीला टेकवून ठेवायचे आणि येता जाता छेडायचे.

रिटायर्ड_मेंटेनन्स

तंबोरा_मिरज यांनी नेमकं बोट ठेवलं. एका कारखान्यात मेंटेनन्सला ३१ वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

पेवकाका, तुम्ही भाग बदलला आणि फोन बरा झाला. यावरून जुना भाग खराब होता असं सिद्ध होत नाही! बदलताना तुम्ही काय काय केलंत? स्क्रू काढले, भाग उचलला, पिना मोकळ्या झाल्या, कदाचित पुसलंत, फुंकर मारलीत, नवा भाग दाबून बसवलात. यातल्या कशानंही फोन बरा झालेला असू शकतो. सुट्या भागांच्या यंत्रात सांधे जास्त, आणि सांधा सैल झाला की भाग खराब झाल्यासारखाच वागतो.

आमच्याकडे शिस्त होती. संशयित भाग काढला, चांगला लावला, यंत्र चाललं. मग तोच संशयित भाग परत लावायचा. दोष परत आला तरच त्याला भंगारात टाकायचं. नव्या पोरांना वाटायचं म्हातारा वेळ घालवतोय. या एका सवयीनं अर्धे "खराब" भाग पुन्हा कपाटात गेलेले मी बघितलेत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काय कळलं? काही नाही.

तुमचा जुना खालचा भाग आहे का फेकलात?

हरिपूरचं_पेव

आहे आहे. गल्ल्यात रबरबँड लावून ठेवलाय. काका, बदलताना मी खरंच ब्रशनं सगळं झटकलं होतं. बायकोचा जुना टूथब्रश.

कणी_आणि_हळकुंड

अवांतर: राजापुरीला यंदा काय भाव निघाला हो?

संपादक

हळदीच्या दराला वेगळा धागा आहे, कृपया तिकडे.

डीसी_मशीन

पेवकाका, ब्रशचं वाचलं आणि ट्यूब पेटली. आधी एवढं सांगा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ऐका. मग मागच्या कॅमेऱ्यानं दहा सेकंद बोलत व्हिडिओ काढा, तो ऐका. दोन्ही आवाजांत काय फरक पडतो ते इथं लिहा.

हरिपूरचं_पेव

व्हॉइस मेसेज एकदम स्वच्छ. व्हिडिओत मात्र तोंडात कापूस कोंबल्यासारखा आवाज आहे. हे काय गौडबंगाल?

डीसी_मशीन

सापडला! खालचा माईक निर्दोष आहे. जुनाही निर्दोष होता, पैज लावतो.

तुमच्या फोनला दोन माईक आहेत. एक खाली तोंडापाशी, दुसरा वर. व्हॉइस मेसेज बहुतेक फोन खालच्यानं घेतात, मागच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बऱ्याचदा वरच्यानं. कॉलवर दोन्ही लागतात. वरचा माईक आजूबाजूचा गोंगाट ऐकतो आणि फोन तो गोंगाट तुमच्या आवाजातून वजा करतो. आता वरचं भोक बुजलं की त्याला नीट ऐकू येत नाही, वजाबाकी चुकते आणि गोंगाटाबरोबर तुमचा आवाजही कापला जातो. स्पीकरवर टाकला की हिशेब बदलतो, म्हणून तिथं खणखणीत.

खात्री करायची तर व्हिडिओ चालू ठेवून वरच्या भोकाजवळ नखानं टकटक करा, मग खालच्या. कुठली टकटक मोठी येते ते ऐका.

चिंच_गुळाची_आमटी

अरे वा! म्हणजे ज्या भागाबद्दल कुणी बोललंच नाही तोच निघाला.

वालचंदी_९८

आणि हळदीच्या यार्डात! पॉलिशचा भुगा हवेत उडत असणार.

पाण्याची_पातळी

फोनला पण हळद लागली. कार्याचं बोलावणं आलं पाहिजे.

डीसी_मशीन

साफ करताना एवढं पाळा. सुई, टाचणी आत घालायची नाही. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही, माईकच्या आतला पडदा कागदापेक्षा पातळ असतो, फाटतो. भोकात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा थिनर ओतायचं नाही. कोरडा मऊ ब्रश, भोक खाली करून. वर सेलोटेपची चिकट बाजू दाबून उचलायची, आठ-दहा वेळा. पिना मात्र आयपीएनं पुसा, कापडाला लावून, बॅटरी काढून. बोटं लावू नका पिनांना.

रिटायर्ड_मेंटेनन्स

आणि साफ करून झाल्यावर जुना खालचा भाग लावा. नवा नको. म्हणजे हिशेब पूर्ण होईल.

विट्याचा_पुणेकर

तोपर्यंत एक माहितीची गोष्ट. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. युरोपात जून २०२५ पासून नव्या फोनांना नियम लागलेत की मॉडेल विकायचं थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. भाच्याला सांगून ठेवा.

आयर्विनचा_कठडा

सात वर्षं भाग मिळतील, पण कुठला मागवायचा ते सांगायला डीसी_मशीनच लागणार.

हरिपूरचं_पेव

मंडळी, आज रविवार, यार्ड बंद. गादीवर पांढरा कागद पसरला आणि उघडला फोन. टकटक आधीच करून बघितली होती, खालची हातोड्यासारखी, वरची जवळजवळ नाहीच.

वरचा भाग काढला. माईकच्या भोकावर आतून एक रबराची टोपी असते, मुगाएवढी. ती चिमट्यानं उचलली आणि कागदावर पिवळाधमक भुगा पडला. चिमूटभर नव्हे, पण तीट लावायला पुरेल एवढा नक्की. टोपीच्या आत तो तेलकट होऊन घट्ट बसला होता, ठेचून भरल्यासारखा. सेलोटेप बारा वेळा दाबली. पहिल्या पाच पट्ट्या पिवळ्या, मग फिकट, शेवटची कोरी. पिना पुसल्या तर कापडही पिवळं. बायको म्हणाली, फोडणीत टाकता आला असता.

काकांच्या सांगण्यानं जुना खालचा भाग लावला. व्हिडिओचा आवाज स्वच्छ. बहिणीला कॉल केला, ती म्हणाली, ओरडतोस कशाला?

रिटायर्ड_मेंटेनन्स

छान. आता तंबोऱ्यासारखा आठ दिवस टेकवून ठेवा, मग बोला.

हरिपूरचं_पेव

बारा दिवस झाले. जुन्याच भागावर चालू आहे, एकही "हॅलो, हॅलो" नाही. दर शनिवारी सेलोटेप मारतो, एक पट्टी थोडी पिवळी येतेच. वरच्या भोकाला बारीक जाळीचं काही लावता येईल का?

डीसी_मशीन

जाळी मिळते, तयार कापलेली चिकट. येताना फोन आणि तो नवा खालचा भाग दोन्ही आणा. तो नवा भाग नको असेल तर मला द्या, असल्या फोनचं गिऱ्हाईक परवाच एक येऊन गेलंय.

हरिपूरचं_पेव

मंगळवारी येतो. भाग देत नाही पण, अडीच हजाराचा आहे. गल्ल्यात रबरबँड लावून ठेवलाय.

भडंगप्रेमी

भडंग संपलं.